टाच नसलेली पावलं

बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जाम चौकातून गिरडकडे निघालं की डाव्या हाताला आमचं टेंभरी गाव लागतं, आणि गावाच्या टोकाला हे जिनिंग. कधीकाळी इथं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. आता ऑटो होते, मोटारसायकली होत्या, हिंगणघाटहून आलेले दोन टेम्पो होते. उन्हानं छपराचे पत्रे तडतडत होते. शेडमध्ये तीन-चारशे माणसं बसली होती आणि कुणी खोकतही नव्हतं. सगळ्यांच्या नजरा दारात उभ्या असलेल्या तानबाकाकांच्या पायांवर होत्या.

ते पाय हलत नव्हते.

तानबाकाका बासष्ट वर्षांचे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सात एकर स्वतः वाहणारा माणूस. आता कमरेतून पुढे झुकलेले, चेहरा मख्ख, तळवे जणू कुणी सिमेंटला खिळ्यांनी ठोकलेत. कौशल्याकाकू त्यांचा हात धरून पुटपुटत होत्या, "उचला नं पाय. एक उचला." गुडघे थरथरले, पाय जागीच राहिले.

मग समोरच्या गादीवरून प्रेमदास महाराज उठले; त्यांच्याच दरबाराला ही गर्दी होती. पन्नाशीचा आडवा माणूस, पांढरा सदरा, गळ्यात काळा गमछा, हातात राखेचं पितळी ताट. आवाज मात्र बस स्टँडवरच्या दंतमंजनवाल्याचा.

"पाहून राह्यले नं सारे? पाय कोनाचे? तानबाचे. चालवते कोन? बोला! गाडी एक अन् डायवर दोन! एकानं रेस दाबली, दुसऱ्यानं बिरेक. मंग गाडी हलन का? याले पदसंचार म्हनते बापा, पदसंचार! अमेरिकेतले सायंटिस आलते मागच्या साली. मशिनी घेऊन आलते, हात जोडून गेले!"

कोणते सायंटिस, कुठल्या साली, कोण विचारणार? महाराजांनी मुठीत राख घेतली आणि तानबाकाकांच्या पायांपुढे जमिनीवर एक आडवी रेघ ओढली. तिच्यापुढे दुसरी, तिसरी. दारापासून गादीपर्यंत राखेच्या वीसेक आडव्या रेघा. मग ताट खाली ठेवून ते ओरडले, "चाल, लक्ष्मणराव! लेकाच्या पायातून चाल!"

तानबाकाकांनी रेघेकडे पाहिलं. उजवा पाय उचलला आणि रेघेपलीकडे टाकला. मग डावा. एकेक रेघ ओलांडत ते सरळ गादीपर्यंत चालत गेले.

शेडभर एकच श्वास आत ओढला गेला. बायांनी पदर तोंडावर धरले. माझ्या मागं बसलेले एक म्हातारबा कापऱ्या आवाजात म्हणाले, "लक्ष्मणरावच व्हय हा. पाह्य नं, मान कशी, हात कसे अंगाले चिकटले..."

लक्ष्मणराव म्हणजे तानबाकाकांचे वडील. वारून अकरा वर्षं झाली होती. मी त्यांना ओळखत होतो. आमचं गावात किराणा दुकान होतं आणि लक्ष्मणराव यायचे तेव्हा आधी त्यांच्या चपला घासल्याचा आवाज ऐकू यायचा. आई आतूनच म्हणायची, "आले पाहा लक्ष्मणराव." पुढे झुकलेलं अंग, न हलणारे हात, फरफटणारे पाय. आता डोळ्यांसमोर तेच अंग होतं. मी देवधर्म न मानणारा माणूस; पण खरं सांगतो, त्या भर दुपारी माझ्या पाठीतून गार शिरशिरी गेली.

महाराज परत दाराशी गेले. तानबाकाकांना आत आणताना दाराबाहेर अंगणातच राख पसरलेली होती, तिच्यावर त्यांची पावलं उमटली होती. महाराजांनी ती चारचौघांना दाखवली.

"टाच सापडते का कोनाले? पंजा हाये, बोटं हायेत, टाच नाई! जितं मानूस टाच टेकून चालते. मेलेल्याले टाच नसते!"

मी वाकून पाहिलं. खरंच, पंजे खोल रुतलेले आणि मागं टाचेच्या जागी नुसता पुसटसा फराटा.

"माय," महाराज कौशल्याकाकूंना म्हणाले, "मागच्या मंगळवारी दुपारची गोळी बंद केली, आज साऱ्या बंद. गोळी आतल्याले डांबून ठेवते. बाप मोकळा झाला का लेक मोकळा. शुक्रवारी घेऊन येजो."

काकूंनी मान हलवली. मी काही बोललो नाही. त्या दोघांना तिथं माझ्याच गाडीतून आणलं होतं आणि माझ्याच गाडीतून परत नेलं.

*

माझं नाव योगेंद्र. जाम चौकात, ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या जेवणाला थांबतात तिथं, माझं व्हीआरचं दुकान आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, पायांना आणि कमरेला काडेपेटीएवढ्या डब्या पट्ट्यांनी बांधायच्या, की तुम्ही क्रिकेट खेळता नाहीतर भुताच्या बोगद्यात शिरता. खोलीच्या कोपऱ्यांतल्या दोन पेट्या त्या डब्यांवर नजर ठेवतात. तुमचा पाय हलला की बोगद्यातलाही हलतो. बोगद्याला गिऱ्हाईक जास्त. मोठमोठी माणसं किंचाळत हेडसेट काढतात आणि हसत चहा प्यायला जातात. थोडक्यात, भूत दाखवणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे मंगळवारची ती शिरशिरी मला जास्तच झोंबली होती.

दर बुधवारी सकाळी दुकान मोहिनी मॅडमना दिलेलं असे. त्या फिजिओथेरपिस्ट. माहेर पुलगावचं, आता समुद्रपूरला छोटं केंद्र चालवतात. एकदा बस चुकल्यामुळे माझ्या दुकानात बसल्या होत्या, तेव्हा या डब्यांकडे पाहून त्यांनी विचारलं होतं, "भाऊ, या किती अचूक आहेत?" मला काय ठाऊक! मग त्यांनीच जमिनीवर टेप चिकटवला, माझ्या तळव्यांना खडू फासला, मला वीस वेळा चालवलं आणि खडूचे ठसे संगणकातल्या आकड्यांशी ताडून पाहिले. कुठं एका सेंटिमीटरचा फरक, कुठं दीडचा.

"चाल मोजायच्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत असतात," त्या म्हणाल्या होत्या. "भिंतीभर कॅमेरे. माझे पेशंट तिथं कधी जाणार? मला याच्यावर भागतं." तेव्हापासून लकवा झालेले, गुडघे बदललेले, तोल जाणारे लोक बुधवारी माझ्या दुकानात चालायचे; त्यांत आमचे तानबाकाकाही होते. किती लांब पाऊल, किती वेळ एका पायावर, टाच आधी टेकते की पंजा, सगळं नोंदलं जायचं.

त्या बुधवारी त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "तानबाकाका का नाही आले?"

मी सगळं सांगितलं. शिरशिरी तेवढी गाळली.

गोळ्या बंद म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. तिथूनच त्यांनी काकांच्या वर्ध्याच्या डॉक्टरांना फोन लावला. बोलणं संपवून म्हणाल्या, "कंपवाताच्या गोळ्या अशा एकदम तोडल्या तर अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, माणूस जातोसुद्धा. डॉक्टर म्हणाले, आजच आणा."

"पण मॅडम," माझ्याच्यानं राहवेना, "त्यांना हलता येत नव्हतं. राखेवर चालले. मी डोळ्यांनी पाहिलं. आणि चालले ते लक्ष्मणरावांसारखे. मी लक्ष्मणरावांना पाहिलंय."

त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. संगणक उघडला आणि म्हणाल्या, "हे पाहा."

काळ्या पडद्यावर पाच-सहा पांढरे ठिपके उगवले. दोन पावलांचे, दोन पोटऱ्यांचे, एक कमरेचा. बाकी माणूस नाही. ठिपके चालू लागले. पुढे झुकलेले, घासत, अडखळत. अंगच नसलेले लक्ष्मणराव माझ्या दुकानात चालत होते.

"तानबाकाका," मी म्हटलं. "नाहीतर त्यांचे वडील."

"रुख्माबाई. पुलगावच्या. शेवया करतात. टेंभरी कुठं आहे हेही त्यांना माहीत नसेल." त्यांनी दुसरी नोंद लावली. "आता हे कोण?"

मी पुन्हा म्हटलं, तानबाकाका. ते समुद्रपूरचे एक निवृत्त पोस्टमन निघाले. तिसऱ्या नोंदीत ठिपके ताठ होते, लांब पावलं टाकत होते, दर पावलाला टाच आधी टेकत होती. मला वाटलं, कुणी धडधाकट माणूस असेल.

"हे तानबाकाका," मोहिनी मॅडम म्हणाल्या. "दोन महिन्यांपूर्वीचे. गोळी घेतल्यावर एका तासानं."

मी ती नोंद पुन्हा लावायला सांगितली.

"भाऊ, या आजारात सगळ्यांची चाल एकमेकांसारखी होत जाते. तुम्ही ओळखलं ते लक्ष्मणरावांना नाही, आजाराला ओळखलं."

*

तासाभरात आम्ही तानबाकाकांच्या घरी होतो. ते छपरीत खाटेवर बसले होते. हनुवटीवर लाळ आली होती, पुसायला हात उठत नव्हता. मोहिनी मॅडमनी त्यांचा हात कोपरातून वाकवून पाहिला. तो जुन्या दरवाज्याच्या बिजागरीसारखा टप्प्याटप्प्यानं वाकला.

"काका, दवाखान्यात चला. गाडी आणली आहे."

"नाई." आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा.

"काऊन?" मी विचारलं.

तानबाकाकांनी काकूंकडे पाहिलं. त्या पदरानं त्यांची हनुवटी पुसून आत निघून गेल्या. मग ते बोलले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, पण बोलले.

"बा असाच थांबे. चौकटीत. मी म्हनो, नाटक करून राह्यला. वावरात जायची घाई राहे मले. एक दिवस थांबला तं मी हात धरून वढलं. जोरात. थो पडला. खुबा मोडला." ते थांबले. "महिनाभर खाटेवर होता. मले काई बोलला नाई. मेला."

आत काकूंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

"आता थो माह्या पायात येऊन राह्यला. येऊ द्या. त्याचा हक हाये. गोळी घेतली तं मी त्याले दुसऱ्यांदा मारतो."

तोवर मी समजत होतो की महाराजांनी अडाणी माणसाला फसवलं. पण तानबाकाका फसायला बसलेच नव्हते, शिक्षा भोगायला बसले होते. महाराजांनी फक्त त्या शिक्षेला बापाचं नाव देऊन टाकलं होतं.

मोहिनी मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या. "काका, मी तुमच्या बाबांना पाहिलं नाही. पण तुम्ही सांगितलं तसं माणूस चौकटीत थांबतो तो नाटकानं थांबत नाही, आजारानं थांबतो. तुम्ही थांबता तसा."

तानबाकाकांचे डोळे तेवढे हलले. "महाराज म्हनते थो माह्यात हाये." बळजबरीनं दवाखान्यात नेलं तरी हा माणूस गोळी गिळणार नाही, हे मॅडमनी ओळखलं.

"महाराजांचं खरं की माझं, हे तपासू. शुक्रवारी, त्यांच्याच शेडमध्ये. माझं खोटं निघालं तर मी पुन्हा येणार नाही. खरं निघालं तर तिथूनच दवाखान्यात. आहे कबूल?"

आतून कौशल्याकाकू बाहेर आल्या. "कबूल," त्या म्हणाल्या. "पन तोपर्यंत याह्यले ताप आला तं मी कोनाचंच आयकनार नाई. उचलून नेईन."

*

शुक्रवारी सकाळी साडेआठलाच आम्ही जिनिंगमध्ये पोचलो. महाराज अकराला गादीवर येत, पण गर्दी आठपासून जमे. मी दोन तिपाया उभ्या करून त्यांच्यावर पेट्या चढवल्या, गाडीच्या बॅटरीवर संगणक चालू केला, दुकानातला मोठा टीव्ही टेबलावर ठेवला. मोहिनी मॅडमनी सगळं सावलीतच लावायला सांगितलं. उघड्या उन्हात या पेट्या आंधळ्या होतात. लोकांना वाटलं, हेच ते अमेरिकेतले सायंटिस! एका बाईनं मला हात जोडले.

तानबाकाकांच्या दोन्ही पायांना आणि कमरेला डब्या बांधल्या. दोन दिवसांत त्यांचं अंग आणखी आखडलं होतं. काकूंनी आणि मी धरून त्यांना दारात उभं केलं. पाय ठोकल्यासारखे. पडद्यावरचे ठिपके जागच्या जागी थरथरत होते.

"आता काकू, तुम्हीच रेघा मारा," मोहिनी मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या हातात चुन्याची पिशवी दिली. भिंतीला लावतात तो साधा चुना. "महाराजांनी मारल्या तशाच, आडव्या. मंत्र नको."

काकूंनी वाकून रेघा मारल्या. वाकड्यातिकड्या, कुठं जाड, कुठं तुटक. तानबाकाकांनी पहिल्या रेघेकडे पाहिलं, पाय उचलला आणि चालू लागले.

गर्दीत कुजबुज उठली. "महाराज नाईत नं इथं!" कुणीतरी म्हणालं. टीव्हीवर आकडा आला. रेघांशिवाय, धरून दारापर्यंत आणताना, पाऊल जेमतेम चौदा सेंटिमीटर सरकत होतं, आता त्रेचाळीस. मग मॅडमनी चुना झाडून टाकला आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या अंथरल्या. तानबाकाका त्यांच्यावरूनही चालले. बेचाळीस.

तेवढ्यात महाराज आले. कुणीतरी फोन केला असावा.

"काय तमाशा हाये?" त्यांनी ताट आपटलं. "जागेची शक्ती हाये ही! दोन वर्षं तपून राह्यलो इथं. चुना टाका, कागद टाका, खाली शक्ती माहीच!"

"मग उत्तमच," मोहिनी मॅडम शांतपणे म्हणाल्या. "महाराज, जागा तुमची, राख तुमची, मंत्रही तुमचाच म्हणा. फक्त रेघा आडव्या मारू नका. उभ्या मारा. दारापासून गादीपर्यंत, रेल्वेच्या रुळासारख्या."

महाराज क्षणभर थबकले. ते मी पाहिलं. लोकांनीही पाहिलं असावं, कारण मागून एक आवाज आला, "मारा नं महाराज! काऊन थांबले?"

नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी मंत्र पुटपुटत राखेच्या दोन लांब उभ्या रेघा ओढल्या. तानबाकाका त्यांच्यामध्ये उभे राहिले. "चाल, लक्ष्मणराव!" महाराज गरजले.

काही झालं नाही. पडद्यावर ठिपके थरथरले, जागेवरच.

"चाल! लेकाच्या पायातून चाल!"

तानबाकाकांनी जोर लावला. वरचं अंग पुढे गेलं, पाय मागंच राहिले, आणि तोल गेला. काकू किंचाळल्या. मी दूर होतो, मोहिनी मॅडम पडद्यापाशी. जवळ होते फक्त महाराज. ताट फेकून त्यांनी झेप घेतली. एक हात मागून कमरेच्या करदोट्याशी, दुसरा छातीवर आडवा, स्वतःचा गुडघा पेशंटच्या मांडीमागं टेकवलेला. तानबाकाकांचं सगळं वजन आपल्या अंगावर घेत त्यांना हळूच खाली बसवलं. डोक्याला धक्काही नाही.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मोहिनी मॅडम मात्र महाराजांच्या हातांकडे पाहत राहिल्या.

"पडणारा पेशंट असा धरायला मला कॉलेजात सहा महिने लागले," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठं शिकलात?"

महाराज तानबाकाकांच्या बाजूलाच जमिनीवर बसले होते. ते सांडलेली राख हातानं गोळा करू लागले.

"भाऊंनी सांगितलं त्यावरून, आडव्या रेघांमधलं अंतरही तुम्ही नेमकं ठेवता. माझ्या वॉर्डात आम्ही तेवढंच ठेवायचो. किती वर्षं होता दवाखान्यात?"

पत्रे तडतडत होते. प्रेमदास म्हणाले, "नऊ." दंतमंजनवाल्याचा आवाज गेला होता, राहिला होता एका थकलेल्या माणसाचा. "नागपुरात. अटेंडंट होतो. फरशीवर पट्ट्या मीच चिकटवो. पेशंट चालले का नातेवाईक डॉक्टरच्या पाया पडत. माह्याकडे कोनी पाहे नाई."

"पट्ट्या चिकटवत होतात तेव्हा एखाद्या पेशंटला गोळ्या बंद कर म्हणाला होतात?"

त्यांनी मान खाली घातली.

"आणि टाच?" मी विचारलं. मला ते जाणून घ्यायचंच होतं, माझ्या स्वतःसाठी. उत्तर मोहिनी मॅडमनी दिलं. "भाऊ, पुढे झुका. आणखी. आता लहान लहान पावलं घासत त्या राखेवरून जा." मी गेलो. वळून पाहिलं. पंजे खोल, टाचेच्या जागी पुसट फराटा. भार पुढे असला की टाच टेकत नाही आणि जी थोडी टेकते ती फरफटीनं पुसली जाते. ज्या मेलेल्या माणसाला मी मंगळवारी राखेत पाहिलं, त्याची पावलं आता माझ्याच मागं उमटलेली होती.

मॅडमनी गर्दीकडे तोंड केलं. "ऐका सारे. आपण चालतो ते आपोआप. या आजारात मेंदूतलं ते आपोआपचं यंत्र अडकतं. पण समोर ओलांडायला काही दिसलं तर मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो. राख नको, चुना नको, साधी काठी आडवी ठेवली तरी उचलतो. उभी रेघ ओलांडता येत नाही म्हणून काका थांबले. हे काका खरंच चालले, त्यात काही खोटं नव्हतं. खोटं होतं ते कारण. आणि त्या खोट्या कारणापायी यांच्या गोळ्या तुटल्या."

काही पोरं महाराजांच्या अंगावर धावली. काकूंनी त्यांना अडवलं. "हात नाई लावायचा," त्या म्हणाल्या. "पोलिसात मी जातो. माह्या नावानं तक्रार देतो." आणि दिली, त्याच संध्याकाळी, जादूटोणाविरोधी कायद्याखाली.

पण त्याआधी माझी गाडी वर्ध्याला पोचली होती. मागच्या सीटवर काकूंच्या खांद्याला टेकलेल्या तानबाकाकांचं अंग तापायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

*

नऊ दिवसांनी ते घरी आले. महिन्याभरानं, एका बुधवारी, स्वतःच्या पायांनी माझ्या दुकानात. डब्या बांधल्या, चालले. पाऊल एकोणपन्नास सेंटिमीटर, टाच आधी. मोहिनी मॅडम खूश होत्या. तानबाकाका खुर्चीवर बसले आणि त्यांनी विचारलं,

"बाले हाच आजार होता का?"

मला वाटलं, मॅडम हो म्हणतील. म्हणायला सोपं होतं.

"असेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगता त्यावरून बहुतेक होताच. पण तेव्हा कुणी तपासलं नाही, मोजलं नाही. म्हणून खात्रीनं सांगणार नाही."

"म्हंजे थो नाटक नोयता करत."

"नाही काका."

तानबाकाका रडले. गोळ्यांनी चेहरा सैल झाला होता, आता रडता येत होतं. भूत गेलं तर माणूस हलका होतो असं आपण समजतो. तसं झालं नाही. भुतापाशी निदान शिक्षा भोगून हिशेब मिटत होता. खऱ्यापाशी तसं काही नव्हतं. एक आजारी माणूस चौकटीत अडकला होता आणि त्याच्या लेकाला ते कळलं नाही, एवढंच उरलं. पण डोळे पुसून तानबाकाका जे म्हणाले ते मी विसरणार नाही.

"मले कोनी तवा सांगतलं असतं तं मी वढलं नसतं. आता मी सांगीन."

आणि ते सांगतात. मोहिनी मॅडमबरोबर गावोगावच्या समाजमंदिरात जातात, लोकांपुढे उभं राहून स्वतःच्या बापाला कसं पाडलं ते सांगतात. कुठं वीस माणसं येतात, कुठं पाच. गेल्या महिन्यात तळेगावकडच्या एका गावात एक सून भाषण अर्ध्यावर सोडून उठली. आम्हाला वाटलं, चिडली. ती घरी जाऊन सासऱ्याला घेऊन आली. पाय अडले की घरचे त्यांना हट्टी म्हणायचे.

मी अजून भुताचा बोगदा चालवतो. आणि खोटं का बोलू, बुधवारी पडद्यावर ते ठिपके घासत चालू लागले की माझ्या पाठीत आजही गार शिरतं. कारण ठाऊक झालं म्हणून भीती लगेच जात नाही. जायची वाट पाहूही नका. भीत भीतच का होईना, माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. कुणी चमत्कार दाखवला तर तोच चमत्कार त्याच्या मंत्राशिवाय होतो का ते करून पाहा. आणि कुणी म्हणाला की चालू असलेली गोळी बंद कर, तर तो कितीही मोठा असो, त्याच्या दारातून उठा आणि आपलं माणूस घेऊन निघा.